गुलामी नेमकी कोणाची, किती वर्षांची?

पंधरा ऑगस्टच्या भाषणात एक आकडा असतो. आमच्या लहानपणी तो दीडशेचा होता. दीडशे वर्षांच्या गुलामगिरीतून आपला देश मुक्त झाला, हे वाक्य एकदाही न म्हटलेलं शाळकरी पोर तेव्हा शोधून सापडलं नसतं, मग ते मराठी शाळेतलं असो की उर्दू. आता तो आकडा हजारावर गेला आहे, बऱ्याच ठिकाणी बाराशेवर. देश तोच, तारीख तीच, गुलामीची वर्षं मात्र आठपट झाली. आणि या वाढीत माझी जागा बदलली. दीडशेच्या हिशेबात मी सुटलेल्यांच्या रांगेत उभी होते. बाराशेच्या हिशेबात मला उचलून मालकांच्या रांगेत नेऊन ठेवलं आहे.

हे कोणा गल्लीतल्या वक्त्याचं बोलणं असतं तर मी लिहीत बसले नसते. ११ जून २०१४ रोजी लोकसभेतल्या आपल्या पहिल्या भाषणात पंतप्रधानांनी बाराशे वर्षांच्या गुलामीच्या मानसिकतेचा उल्लेख केला. २०२२ च्या पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पाच 'प्रण' सांगितले गेले, त्यातला दुसरा होता गुलामीचा अंशही शिल्लक ठेवायचा नाही, असा. यात कोणाचं नाव घ्यावंच लागत नाही. १९४७ मधून बाराशे वजा केले की आठवं शतक येतं, आणि आठव्या शतकात इंग्रज हिंदुस्थानात नव्हते एवढं चौथीतल्या मुलालाही कळतं. मग कोण होतं? उत्तर ऐकणाऱ्याने मनातल्या मनात द्यायचं.

हा दिवस मला आवडतो, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणीतरी मला पाकिस्तानचं तिकीट काढून देईलच. आदल्या संध्याकाळी मैदानावर फक्की मारणं, इस्त्रीचे गणवेश, राष्ट्रगीताच्या शेवटाकडे पहिलीतल्या पोरांचा चढत जाणारा आवाज, नंतर हातात पडणारी जिलेबीची चिकट पुडी. झेंडा वर जाऊन दोरीची गाठ सुटते आणि फुलं खाली पडतात तेव्हा दरवर्षी माझ्या घशात काहीतरी येतं. ते नाटक नाही. पण त्याच सकाळी मोमिनपुऱ्यातून चक्कर मारा. आमच्याकडचे झेंडे जरा जास्तच मोठे असतात. मोटारसायकलींवरही, दुकानांवरही. त्यात आनंद आहे, आणि भीतीही आहे. ज्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही, त्याचं लहान झेंड्यावर भागतं. त्यातून २०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणीच्या वेदनेचा स्मृतिदिन झाला आहे. फाळणीचं दुःख खरं आहे, ते आठवायलाच हवं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर तो दिवस ज्या तऱ्हेने येतो, त्यात चौदा तारखेला आम्ही आरोपी असतो आणि पंधराला जामिनावर सुटलेले.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने मराठी भाषणाचा कागद तपासायला आणला. मोबाइलवरून उतरवलेला. पहिल्याच ओळीत बाराशे वर्षांच्या बेड्या. मुलगा मोमीन, आजोबा कामठीला हातमागावर लुगडी विणायचे. मी विचारलं, "बेटा, बारह सौ साल अपन किसके गुलाम थे?" तो म्हणाला, "अंग्रेजों के." मी म्हटलं, इंग्रज बाराशे वर्षं होते? थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, टीव्ही पे तो येईच बोलते." त्याला कळलंच नव्हतं की त्या वाक्यात बेड्या घालणारा म्हणून तो स्वतःच उभा आहे. मी बाराशे खोडलं. आणि त्या जागी काय लिहायचं, यावर पेन अडलं.

कारण नागपूरपुरता बोलायचं तर दीडशेही खोटंच आहे. सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये. त्यानंतर इंग्रजांचा वचक आला, पण गादीवर भोसलेच होते. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं आणि १८५४ पासून थेट कंपनीचा कारभार आला. १९४७ पर्यंत झाली त्र्याण्णव वर्षं. पुण्याचा हिशेब १८१८ पासून, म्हणजे एकशे एकोणतीस. बंगालचा प्लासीपासून धरला तर एकशे नव्वद. एकाच झेंड्याखाली इतके वेगवेगळे आकडे. खरा इतिहास असाच ओबडधोबड असतो, त्याला एक गोल आकडा मिळत नाही.

आणि त्र्याण्णव वर्षांच्या आधी? शंभराहून अधिक वर्षं भोसल्यांचं मराठी राज्य. त्याआधी देवगडचे गोंड राजे. ज्याने बारा वाड्या जोडून १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं, त्याचं नाव बख्त बुलंद शाह. हा गोंड. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला, नाव तिथलंच. पुढे याच माणसाने औरंगजेबाविरुद्ध बंड केलं आणि मोगलांचा मुलूख लुटला. त्याचा मुलगा चांद सुलतान, त्याने शहराला कोट बांधला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव, म्हणजेच शुक्रवारी तलाव, म्हणजेच आजचा गांधीसागर. रघुजी भोसल्यांनी सत्ता घेतली तरी गोंड राजाला नागपुरातच नावाचा राजा म्हणून तनखा देऊन ठेवलं. आता बाराशेवाल्यांनी मला सांगावं: या शहरात गुलाम कोण आणि मालक कोण? बख्त बुलंदला कुठल्या रकान्यात टाकायचं? तो आदिवासी म्हणून गुलाम, मुसलमान म्हणून मालक, की औरंगजेबाशी लढला म्हणून स्वातंत्र्यवीर?

सीताबर्डीच्या लढाईतही तेच. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई होते. टेकडीवर चढाई करणाऱ्यांत ते पुढे होते, आणि लढाई हरल्यावर शहर इंग्रजांच्या ताब्यात द्यायला तेच सर्वांत शेवटपर्यंत तयार नव्हते. मराठी राजा, अरब पायदळ, समोर कंपनीचे देशी शिपाई. यात बाराशे वर्षांची रेघ कुठून ओढणार?

ज्या शहराचा जन्मच असा, त्या शहरात १७ मार्च २०२५ ला औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली. कबर खुलताबादला, आमच्यापासून चारशे किलोमीटरहून लांब. गाड्या जळाल्या त्या महालात. संचारबंदी लागली, पोलीस जखमी झाले, एका माणसाचा जीव गेला. आकडा नुसता भाषणात राहत नाही, हे मला त्या आठवड्यात बंद दारामागे बसून पुन्हा एकदा समजलं. 'आम्ही बाराशे वर्षं गुलाम होतो' हे रोज ऐकणाऱ्या पोराला कधीतरी वाटणारच की मालक अजून शेजारच्या गल्लीत राहतो.

आता हा शब्दच जरा बघा. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे माझं लक्ष शब्दाकडे जातंच. अरबीत 'गुलाम' म्हणजे पोरगा. फारसीतून इकडे येईपर्यंत तो चाकर झाला, मग विकत घेतलेला माणूस. आमच्यात गुलाम रसूल, गुलाम दस्तगीर अशी नावं अजून ठेवतात. पत्त्यांत तो राजा-राणीच्या खाली बसतो. आणि दिल्लीवर १२०६ ते १२९० राज्य करणाऱ्या घराण्याला इतिहासाची पुस्तकं 'गुलाम घराणं' म्हणतात. म्हणजे या बाराशे वर्षांतली चौऱ्याऐंशी वर्षं दिल्लीच्या तख्तावर चक्क गुलाम आणि त्यांचे वंशज होते. आपल्याकडे मलिक अंबर. हबशी देशातला पोरगा, लहानपणी विकला गेला, बगदादच्या बाजारातून दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली. १६२४ ला भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढले, शरीफजी तिथेच कामी आले. महाराष्ट्रात ज्याच्या गळ्यात खरोखर विक्रीची चिठ्ठी अडकवली गेली होती, असा सर्वांत प्रसिद्ध माणूस मुसलमान होता. ते कोणी पंधरा ऑगस्टला सांगत नाही.

मी मुसलमान बादशहांची वकिली करत नाहीये. औरंगजेबाने १६७९ ला जिझिया पुन्हा लादला, देवळं पाडली गेली, लढाईत पकडलेली माणसं बाजारात विकली गेली. हे मुलांना शिकवलंच पाहिजे. लपवायची मला गरज वाटत नाही, कारण ते माझ्या आजोबा-पणजोबांनी केलेलं नाही.

पण इथेच आपल्या घरातली गोष्ट काढावी लागते. "हमने आठ सौ साल हुकूमत की है." हे वाक्य आपल्याच पोरांच्या रीलवर असतं, मागे तलवारीचं चित्र, घोड्यांच्या टापा. जरा विचारा त्याला, 'हम' म्हणजे कोण? तुझा बाप पॉवरलूमवर पाळी करतो. तुझा आजा सत्तावन्ननंतर यूपीतून कामठी-नागपूरकडे आलेल्या विणकरांपैकी एकाचा नातू. ज्या अशराफ लोकांनी खरोखर हुकूमत केली, त्यांच्या तोंडी तुझ्या जातीचं नाव शिवीसारखं यायचं. पिंजारी, बागवान, कसाई, फकीर, छप्परबंद, यांतल्या कोणाला दिल्लीच्या दरबारात खुर्ची होती? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, ती याच गोष्टीवर उभी होती: मशिदीत एका सफेत उभे राहणारे सगळे एका घरातले नव्हते. त्या चळवळीच्या रेट्यामुळे १९९४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींना सवलतींचा रस्ता मोकळा झाला. दाखला काढायला आपण विणकर होतो, आणि रीलवर बादशहा.

बाराशे वर्षं गुलाम म्हणणारा आणि आठशे वर्षं मालक म्हणणारा, दोघांची वही एकच आहे. फक्त जमा आणि नावे उलट लिहिलेत. पहिल्याला मी दोष देते तितकाच दुसऱ्यालाही देते, उलट दुसऱ्यावर जास्त चिडते, कारण तो माझ्या वर्गात बसतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो शाखेतून आलेला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी हिंदुस्थानने स्वातंत्र्य कसकसं गमावलं याची उजळणी केली, आणि सुरुवात सिंधपासूनच केली. मुहम्मद बिन कासिमकडून राजा दाहिरच्या सेनापतींनी लाच घेतली, इथून. मग जयचंद, पुढे शिवाजी महाराजांच्या काळात मोगलांकडून लढणारे, आणि शेवटी इंग्रज. म्हणजे आठव्या शतकापासूनची मोजणी त्यांनीही केली आहे, हे आपल्यातले संविधानप्रेमी सोयीने विसरतात. पण त्यांनी त्यातून काढलं काय? बोट त्यांनी आतल्या फितुरीकडे आणि जातींकडे दाखवलं. मिळालेलं स्वातंत्र्य पुन्हा जाईल का, पक्ष आणि पंथ देशापेक्षा मोठे होतील का, ही त्यांची काळजी होती. आणि त्याच भाषणात त्यांनी बजावलं की मतपेटीत समान आणि समाजात असमान असं फार काळ चालणार नाही. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच नागपुरात त्यांनी लाखो माणसांसह जी गुलामी फेकून दिली, ती बिन कासिमच्याही आधीची होती. तिचे मालक सिंधच्या वाटेने आले नव्हते.

गुलामी हा शब्द मराठीत ज्याने सर्वांत जळजळीत अर्थाने वापरला तो माणूस जोतीराव फुले. 'गुलामगिरी' १८७३ ला आलं आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांनी टेक्सासच्या कापसाच्या शेतातला आणि इथल्या शूद्र-अतिशूद्रांमधला धागा ओळखला. अमेरिकेत आज दोन सुट्ट्या आहेत. ४ जुलैला देश इंग्लंडपासून सुटला, १७७६ ला. १९ जूनची दुसरी, कारण १८६५ च्या त्या दिवशी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामांना सांगण्यात आलं की तुम्ही मोकळे आहात. मधली एकोणनव्वद वर्षं देश स्वतंत्र आणि माणसं गुलाम. दुसरी राष्ट्रीय सुट्टी व्हायला त्यांना २०२१ उजाडावं लागलं, पण निदान त्यांनी दोन गोष्टींना दोन तारखा दिल्या.

आपण दोन्ही एकाच दिवसात कोंबल्या. देश पारतंत्र्यात होता, तो सुटला, ही एक गोष्ट, आणि पंधरा ऑगस्ट तिचा आहे. माणूस माणसाच्या मालकीचा असणं ही दुसरी. ती आपल्याकडे होती. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या-विकल्या जात होत्या, त्यांच्या किमतीच्या नोंदी दप्तरांत आहेत. कायद्याने गुलामगिरीची मान्यता काढून घेतली १८४३ च्या पाचव्या कायद्याने, तेही कंपनी सरकारच्या काळात, म्हणून असेल, त्या तारखेचं कोणाला कौतुक नाही. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली. तरीही १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे एकोणतीस वर्षं पंधरा ऑगस्ट साजरा होऊनही बेड्या होत्याच. आणि आज उचल घेऊन ऊस तोडायला किंवा वीटभट्टीवर गेलेलं जोडपं ती फिटेपर्यंत निघू शकत नाही, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. यातल्या एकाही तारखेला सुट्टी नाही, जिलेबीही नाही. खऱ्या गुलामाचा दिवस नाही, आणि जो कधी कोणाच्या मालकीचा नव्हता तो व्यासपीठावर बाराशे वर्षांच्या बेड्या तोडतो.

(गुलामीच्या खुणा पुसायच्याच असतील तर आमच्याकडे एक आहे. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्याच दिवशी नागपुरात टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस. गिरणी गेली, त्या जागेवर मॉल आला, नाव एम्प्रेसच. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर बदलून झाली. राणी सरकारच्या नावावर अजून कोणाचा मोर्चा गेलेला नाही.)

राहिली ती यादी. उर्दू शाळांतल्या पंधरा ऑगस्टला ती असतेच: अशफाकउल्ला खान, मौलाना आझाद, हसरत मोहानी, युसूफ मेहेरअली, बी अम्मा. माणसं एकेक लाखमोलाची. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस सगळ्यांना खुला असतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, तेव्हा आमच्यातले काही जण मुलांना मुद्दाम तिथल्या नवगज अली बाबांच्या मजारीवर नेतात. सत्तावन्नात फाशी दिलेले नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार तिथे पुरले आहेत असं सांगितलं जातं. जावं, जरूर जावं. पण आपण ही नावं ज्या सुरात वाचतो तो सूर पावती दाखवणाऱ्याचा असतो. बघा साहेब, भाडं भरलंय, राहू द्या. उलट बाजूने, संघाच्या मुख्यालयावर २००२ पर्यंत तिरंगा का नव्हता हा मेसेज आपण दरवर्षी फॉरवर्ड करतो. प्रश्न चुकीचा नाही. पण तोही पावती मागण्याचाच खेळ आहे, आणि त्या खेळात पावत्या तपासणारा नेहमी दुसराच कोणीतरी असतो.

यादीत एक नाव हमखास असतं, सोलापूरच्या कुर्बान हुसेन यांचं. १९३० मध्ये सोलापूरला मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. चौघं एकत्र गेले. आपण मात्र आपल्या यादीसाठी कुर्बान हुसेन यांना त्या तिघांतून सोडवून एकटं आणतो, आणि मग तक्रार करतो की आम्हाला वेगळं काढतात.

यंदाच्या कार्यक्रमासाठी मी चारही नावं एकत्र लिहून दिली आहेत, आणि वर कुठलाच आकडा टाकलेला नाही. कमिटीतल्या एका बुजुर्गांना ते पटलेलं नाही. म्हणाले, "बाकी तीन का नाम तो सब लेतेच हैं, मॅडम." मी म्हटलं, सोलापूर सोडून कुठे घेतात ते सांगा. ते विचारून कळवतो म्हणालेत.